'अ व्हिस्कर अवे': मियो, तिचे मुखवटे आणि एकतर्फी प्रेम याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानी ॲनिमे पाहणाऱ्या मित्रमैत्रिणींकडून, त्यांच्या आईवडिलांकडून आणि ॲनिमेच्या वाटेला कधीच न गेलेल्या लोकांकडूनही या चित्रपटाबद्दल तेच ते प्रश्न येत राहतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत. सुरुवातीच्या उत्तरांत कथेचा उलगडा केलेला नाही. पुढे जिथून तो होतो, तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

चित्रपट थोडक्यात कशाबद्दल आहे?

मियो सासाकी ही आठवी-नववीच्या वयाची मुलगी आहे. वर्गातल्या केंतो हिनोदे या मुलावर तिचं प्रेम आहे आणि ते ती लपवत नाही. सगळ्यांसमोर ती त्याच्या मागे धावते, त्याच्या नावाने ओरडते. हिनोदे मात्र तिच्याकडे बघतही नाही. मियोचं एक गुपित आहे. जत्रेच्या एका रात्री एका अजब मुखवटेवाल्याने तिला मांजराचा मुखवटा दिला होता. तो घातला की ती पांढरं मांजर होते. त्या रूपात ती रोज हिनोदेच्या घरी जाते. शाळेत तिला टाळणारा हा मुलगा मांजराला कुशीत घेतो, त्याच्याशी मनातलं बोलतो आणि आपल्या गेलेल्या कुत्र्याच्या नावाने त्याला 'तारो' म्हणतो.

जो आपल्याला नाकारतो त्याचाच आपण सर्वांत लाडका जीव असायचं, पण आपण म्हणून नव्हे, ही या चित्रपटाची मध्यवर्ती वेदना. माझ्या मते एकतर्फी प्रेमाची इतकी नेमकी कल्पना किशोरवयावरच्या चित्रपटांत फार क्वचित सापडते.

कुठे पाहायला मिळतो? किती वेळाचा आहे?

नेटफ्लिक्सवर. लांबी 104 मिनिटं. जपानी नाव 'नाकिताई वाताशि वा नेको ओ काबुरू'.

हा थिएटरमध्ये का आला नाही?

तो थिएटरसाठीच बनवला होता. 5 जून 2020 रोजी तो जपानच्या चित्रपटगृहांत लागणार होता. कोरोनाच्या साथीमुळे ते प्रदर्शन रद्द झालं आणि 18 जून 2020 रोजी तो थेट नेटफ्लिक्सवर जगभर आला. मोठ्या पडद्यासाठी आखलेल्या चौकटी मोबाइलवर दबून जातात, म्हणून शक्य असेल तर टीव्हीवर पाहा. विशेषतः रात्रीच्या जत्रेची आणि मांजरांच्या जगाची दृश्यं. त्या वर्षी शाळा बंद होत्या, मुलं घरात होती आणि वर्गातल्या कुणाकडे चोरून बघण्याची सोयही उरली नव्हती. अनेक मुलामुलींना हा चित्रपट त्या महिन्यांत जवळचा वाटला, यात मला नवल वाटत नाही.

कुणी बनवला आहे?

स्टुडिओ कोलोरिदो या जपानी स्टुडिओने. दिग्दर्शक दोन आहेत, जुनिची सातो आणि तोमोताका शिबायामा. सातो हे जुने-जाणते. मुलींसाठीच्या जादुई मालिकांमध्ये त्यांचं नाव नव्वदच्या दशकापासून आदराने घेतलं जातं. शिबायामांचा पूर्ण लांबीचा हा पहिला चित्रपट.

पण नाव लक्षात ठेवायचंच असेल तर पटकथाकार मारी ओकादांचं ठेवा. वयात येणाऱ्या मुलांच्या मनात एकाच वेळी चार विरुद्ध गोष्टी कशा नांदतात, हे त्या वर्षानुवर्षं लिहीत आल्या आहेत. त्यांची पात्रं चुकीच्या वेळी, चुकीच्या माणसासमोर, नको तेवढं खरं बोलून जातात. काही प्रेक्षकांना ते अति वाटतं. मला ते चौदाव्या वर्षाचं फार प्रामाणिक चित्र वाटतं.

मुलांसोबत पाहता येईल का? कोणत्या वयापासून?

दहा-अकरा वर्षांच्या पुढच्या मुलांसोबत निर्धास्त पाहा. रक्तपात नाही, शरीराचं प्रदर्शन नाही. मात्र दोन गोष्टी आधी ठाऊक असू द्या. आई घर सोडून गेलेली आहे आणि वडील दुसऱ्या बाईसोबत राहू लागले आहेत, हा कथेचा पाया आहे. ज्या घरात नुकतंच असं काही घडलं असेल तिथे मुलाला एकट्याने पाहायला बसवू नका, शेजारी बसा. दुसरं म्हणजे, "माझं सगळं जगच नष्ट झालं तर बरं" अशा धाटणीचे विचार मियोच्या मनात येतात आणि ती माणूसपण टाकून द्यायला तयार होते. लहान मुलांना ती जादूची गोष्ट वाटेल. थोड्या मोठ्यांना त्याखालचा अर्थ कळेल आणि त्यावर बोलावंसं वाटेल. त्यासाठी चित्रपटानंतर अर्धा तास मोकळा ठेवा.

मियो ज्या तऱ्हेने हिनोदेच्या मागे लागते, तो छळ नाही का? मुलीने केलं म्हणून ते गोड कसं?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि तो विचारलाच पाहिजे. आपल्याकडे 'एकतर्फी प्रेमातून' हे शब्द वर्तमानपत्रात कुठल्या बातमीच्या मथळ्यावर येतात ते महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलीला माहीत आहे. त्यामुळे नकार देणाऱ्याच्या मागे धावत राहणं आपण हसून सोडून देऊ शकत नाही. मुलगा असो वा मुलगी.

चित्रपटात मियो हिनोदेला मागून कंबरेने धक्का देते आणि त्या 'हल्ल्या'ला तिने त्याच्या नावावरून नावही ठेवलं आहे. तो "नको" म्हणतो तरी ती थांबत नाही. हे चूक आहे. सुरुवातीची पंधरा मिनिटं चित्रपट ते विनोदाच्या अंगाने दाखवतो, आणि तिथे तो कमी पडतो असं माझं स्पष्ट मत आहे. हिनोदेच्या चेहऱ्यावरचा संकोच दिसतो, पण कॅमेरा त्याच्यापाशी थांबत नाही.

तरीही पुढे बघा. या वागण्याचं बक्षीस म्हणून मियोला प्रेम मिळतं का? नाही. त्या धावपळीने हिनोदे एक पाऊलही जवळ येत नाही. तो पहिल्यांदा तिच्याशी नीट बोलतो ते वेगळ्याच कारणाने. दोन मुलं त्याच्याबद्दल वाईट बोलत असतात, मियो शाळेच्या उंच भागावरून उडी मारून त्यांना जाब विचारते आणि स्वतःला दुखापत करून घेते. तो तिला मलमपट्टीसाठी नेतो. त्याला आवडतं ते तिचं मनात आहे तेच बोलणं, कारण ते त्याला स्वतःला जमत नाही. इथे दोघांमध्ये प्रथमच काहीतरी घडतं, आणि ते घडतं ती त्याच्याकडून काही मागत नसते तेव्हा. पाठलाग आणि प्रेम यांतला फरक कथेने स्वतः काढून दाखवला आहे, फक्त तो मोठ्याने सांगितलेला नाही. मुलांसोबत पाहत असाल तर तुम्ही तो सांगा.

घरात सगळे तिच्याशी चांगले वागतात. मग तिला काय दुःख आहे?

माझ्या दृष्टीने चित्रपटाचं खरं मर्म इथेच आहे, म्हणून या उत्तराला जरा जागा घेतो.

मियो लहान असताना आई निघून गेली. गावात, शाळेत कुजबुज झाली. जवळची मैत्रीण योरिकोसुद्धा काही काळ तिच्यापासून तुटली, मग तिने माफी मागितली आणि आजही ती मियोची सर्वांत खंबीर सोबत आहे. आता वडील काओरु नावाच्या बाईंसोबत संसार मांडत आहेत. काओरु चांगल्या आहेत. प्रेमाने डबा करतात, जपून बोलतात. आणि जन्मदाती आई मधूनच उगवते, मुलीने आपल्याकडे यावं म्हणते.

म्हणजे मियोभोवतीची तिन्ही मोठी माणसं तिच्या मनाची काळजी घेत आहेत असं त्यांना स्वतःला वाटतं. प्रत्यक्षात तीच त्यांच्या मनाची काळजी घेत असते. काओरुंना परकं वाटू नये म्हणून हसायचं. वडिलांना अपराधी वाटू नये म्हणून हसायचं. आईला दुखवायचं नाही. चौदा वर्षांची मुलगी घरातल्या तीन मोठ्यांना सांभाळते आहे आणि कुणाच्याही ते ध्यानात नाही, कारण ती हसते आहे. शाळेत तिला 'मुगे' म्हणतात, 'अनंत कोड्याची' मुलगी, कारण ती कधी काय करेल याचा पत्ता लागत नाही. तिचा तो वेडेपणाही त्याच हसण्याचा शाळेतला अवतार आहे.

मुखवटेवाला भेटण्याच्या कितीतरी आधी मियो मुखवटा घालत होती. मांजर झाल्यावर तो उतरतो. मांजराने कुणासाठी हसायचं नसतं. त्याला "तू बरी आहेस ना?" असं विचारून हो म्हणवून घेत नाहीत. हिनोदेच्या खोलीत ती नुसती पडून राहू शकते, आणि त्या पडून राहण्यावरच तिचं प्रेम जडलं आहे. हिनोदेवरचं तिचं प्रेम खोटं नाही. पण तिला त्याच्याकडे खेचणारी मोठी गोष्ट म्हणजे तिथे तिला काही सोंग आणावं लागत नाही. हे ध्यानात घेऊन पाहिलं तर पहिल्या अर्ध्या तासातला तिचा धिंगाणा एकदम वेगळा दिसू लागतो.

घटस्फोटित किंवा पुनर्विवाहित घरांतली मुलं आता आपल्या शहरांतही प्रत्येक वर्गात आहेत. 'मूल किती समजूतदार आहे, काही त्रास नाही' हे वाक्य आपण कौतुकाने म्हणतो. हा चित्रपट पाहिल्यावर ते मला सहजी म्हणवत नाही.

(इथून पुढे कथेचा उलगडा आहे.) मुखवट्याचे नियम नेमके काय आहेत?

मुखवटा घातला की माणसाचं मांजर होतं, काढला की पुन्हा माणूस. पण माणूसपणाचा पुरता कंटाळा आला आणि मांजरच राहायचं असं मनाने ठरवलं, तर माणसाचा चेहरा मुखवट्यासारखा गळून पडतो. तो दुसऱ्या कुणी घातला तर तो जीव त्या माणसाच्या रूपात जगू शकतो. मूळ माणूस हळूहळू माणसांची बोली विसरतो आणि कायमचं मांजर होतं. त्याचं उरलेलं मनुष्य-आयुष्य मुखवटेवाल्याच्या हाती जातं. त्याचा धंदा तोच आहे.

प्रेमपत्राच्या प्रसंगात हिनोदे इतका क्रूर का होतो?

मांजराच्या रूपात मियोला कळलेलं असतं की हिनोदेच्या आजोबांची कुंभारकामाची कार्यशाळा बंद होणार आहे. त्याला मातीकाम करायचं आहे, पण वडील हयात नाहीत, आईला त्याने अभ्यास करून पुढे जावं असं वाटतं, आणि तो घरात तोंड उघडू शकत नाही. मियोला त्याला धीर द्यायचा आहे. मांजराला बोलता येत नाही म्हणून ती माणूस होऊन पत्र लिहिते. तेच पत्र वर्गातली मुलं हिसकावून सगळ्यांसमोर वाचतात. हिनोदे ते ओढून घेतो आणि भर वर्गात तिला सांगतो की तू मला अजिबात आवडत नाहीस.

त्या वाक्याचा मी बचाव करणार नाही. पण त्याची लाज कुठून आली ते पाहा. जे तो आईलाही सांगू शकलेला नाही, त्याच्या आसपासचं काहीतरी अख्ख्या वर्गाने ऐकलं. तोही मनातलं दाबून ठेवणारा मुलगा आहे, फक्त मियो हसून दाबते आणि तो गप्प राहून. दोघं एकाच दुखण्याचे असूनही एकमेकांना ओळखत नाहीत.

पटकथेचं कसब इथे दिसतं. पत्राचा प्रसंग शाळेतल्या कुठल्याही गोष्टीत असतो. इथे त्याला वेगळी धार आहे, कारण आपल्याला ठाऊक असतं की ज्याने तिला हिडीसफिडीस केलं तोच रात्री तारोला उराशी धरून बसणार आहे. आणि तो बसतोही. मियोचा चेहरा गळून पडतो तो नकारामुळे नव्हे. मांजर म्हणून आपण त्याला हव्या आहोत आणि माणूस म्हणून नको, हे एका दिवसात दोन्हीकडून कळल्यामुळे.

मांजर होऊन त्याचं खासगी बोलणं ऐकणं हा विश्वासघात नाही का?

आहे. पुढे हिनोदेला सगळं कळतं तेव्हा तो त्यावर फार थोडा वेळ घालवतो, ही कथेतली उणीव आहे. आपण एकांतात रडलो ते दुसरं कुणी रोज ऐकत होतं हे कळल्यावर माणूस इतक्या सहज पुढे जात नाही. एक-दोन मिनिटांचा प्रसंग जास्त हवा होता.

किनाको खलनायिका आहे का?

किनाको ही काओरुंची मांजर. मियोचा गळून पडलेला चेहरा ती घेते आणि मियो बनून घरात राहू लागते. पहिल्यांदा पाहताना भीती वाटते, राग येतो.

जपानी लोककथांत वय झालेलं मांजर मायावी होतं अशी जुनी समजूत आहे. अशा मांजराला 'बाकेनेको' म्हणतात. ते माणसाचं रूप घेतं, आणि काही कथांत मालकिणीला संपवून तिच्याच रूपात घरात वावरतं. जपानी प्रेक्षकाच्या मनात ही सावली असतेच. चित्रपट ती जागी करतो आणि मग उलटी फिरवतो. किनाकोला कुणाला संपवायचं नाही. मांजराचं आयुष्य पंधरा-वीस वर्षांचं, आपण काओरुंच्या आधी जाणार आणि त्या एकट्या पडणार, एवढंच तिच्या मनात आहे. माणसाचं आयुष्य मिळालं तर त्यांच्याजवळ जास्त दिवस राहता येईल.

म्हणजे किनाकोची गोष्ट मियोच्या गोष्टीचीच दुसरी बाजू आहे. एकीला प्रेमासाठी माणसाचं मांजर व्हायचं आहे, दुसरीला प्रेमासाठी मांजराचं माणूस. दोघींना एकच गोष्ट ठाऊक नाही: आपण आहोत तशाच कुणाला तरी हव्या आहोत. किनाकोला ते आधी कळतं. ती मियोच्या रूपात घरात बसलेली असते आणि काओरु हरवलेल्या मांजराला शोधत, तिच्यासाठी झुरत असतात. ज्या प्रेमासाठी तिने रूप बदललं ते प्रेम तिच्या आधीच्या रूपावरच होतं. हा प्रसंग मला संपूर्ण चित्रपटातला सर्वांत सुंदर वाटतो. मुख्य जोडीच्या कबुलीपेक्षाही. चेहरा परत करायचा निर्णय ती स्वतः घेते आणि हिनोदेला खरं काय ते तीच सांगते. तिच्याविना ही कथा सुटलीच नसती.

मुखवटेवाला कोण आहे? त्याला काय हवं असतं?

भलामोठा, गोडबोल्या बोका. जपानी जत्रांत मुखवट्यांच्या दुकानांची जुनी रीत आहे, त्यातूनच हे पात्र आलं आहे. तो कुणावरही जबरदस्ती करत नाही. ज्याला स्वतःचा चेहरा नकोसा झाला आहे त्याच्यासमोर नेमक्या वेळी येऊन उभा राहतो, इतकंच. त्यामुळे तो जास्त धोकादायक वाटतो. कोइची यामादेरा यांनी त्याला दिलेला आवाज लाडिक आणि अंगावर काटा आणणारा, दोन्ही आहे.

मांजरांच्या बेटाचा भाग लांबलेला नाही का?

थोडा आहे. झाडांत वसलेली ती वस्ती डोळ्यांना मेजवानी आहे, पण तोवर चित्रपट मनांच्या गुंत्यातून चालला होता आणि इथे एकदम धावाधाव, पकडापकडी सुरू होते. त्या भागात लक्ष द्यायचं तर कधीकाळी माणूस असलेल्या मांजरांकडे द्या. माणसांच्या जगात परतण्याची वाट बंद झालेले हे जीव एकत्र बसून गप्पा मारतात. त्यांच्यातला कुणी दुष्ट नाही, कुणी फार सुखीही नाही. मियो परतली नाही तर तिचं काय होईल हे त्या एका प्रसंगात समजतं.

शेवटी हिनोदेला तिच्यावर प्रेम कसं जडतं? तारोवरचं प्रेमच तो तिला देऊन टाकतो का?

पहिल्यांदा पाहताना तसं वाटू शकतं. दोन गोष्टी मात्र निसटू नयेत. पहिली, मियो बेपत्ता झाल्यावर हिनोदे तिला शोधत फिरतो, आणि तेव्हा त्याला तारोचं गुपित ठाऊक नसतं. आपण तिच्याबद्दल किती कमी जाणतो हे त्याला शोधताना कळतं. दुसरी, शेवटी दोघं एकमेकांना जे सांगतात त्यात गोड वाक्यं कमी आणि अवघड कबुल्या जास्त आहेत. मियो मान्य करते की तिला जगाचा राग येत होता, तिला कुणी जवळ यायला नको होतं. हिनोदे मान्य करतो की तो चांगला मुलगा असल्याचा देखावा करत आला. दोघं आपापली वाईट बाजू पुढे ठेवतात आणि मग प्रेम म्हणतात. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

हे प्रेम टिकेल का, असंही काही जण विचारतात. ती चौदा वर्षांची आहेत. चित्रपट लग्नाचं वचन देत नाही आणि त्याची गरजही नाही. श्रेयनामावली सुरू झाली की बंद करू नका, घरोघरी पुढे काय झालं ते तिथे लहान लहान चित्रांतून येतं.

ते गाव खरंच आहे का?

हो. जपानच्या आइची प्रांतातलं टोकोनामे. नागोयाहून मेइतेत्सु रेल्वेने तासाभराच्या आत पोचता येतं. चुबू आंतरराष्ट्रीय विमानतळ याच गावाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात भराव घालून केलेल्या बेटावर 2005 मध्ये सुरू झाला.

टोकोनामे हे मातीकामाचं गाव आहे. मध्ययुगापासून अखंड चालत आलेल्या जपानच्या सहा प्राचीन भट्टी-केंद्रांत त्याची गणना होते. तिथली लाल मातीची चहाची किटली प्रसिद्ध आहे. मेइजी काळात (1868 ते 1912) तिथे सांडपाण्याचे मातीचे नळ मोठ्या प्रमाणावर बनत. पुढे स्नानगृहाच्या चिनी मातीच्या वस्तूंचा मोठा उद्योगही याच गावात वाढला. एका बाजूची भिंत त्या जुन्या नळांनी आणि दुसऱ्या बाजूची दारूच्या जुन्या मातीच्या बाटल्यांनी रचलेला एक चढ आहे, 'दोकानझाका'. गल्ल्यांतून फिरण्यासाठी आखलेली एक पायवाट आहे, तिच्यावर तो चढही लागतो आणि 1887 मध्ये बांधलेली, दहा धुराड्यांची, उतारावर चढत जाणारी भट्टीही. ती भट्टी 1974 पर्यंत वापरात होती.

आणि मांजरं तर आहेतच. एक पंजा वर करून गिऱ्हाईक बोलावणारं 'मानेकी-नेको' हे शुभ मांजर बनवण्यात टोकोनामेचा जपानमध्ये पहिला नंबर लागतो. रस्त्याकडेच्या भिंतीवर वेगवेगळ्या कलाकारांनी केलेली 39 मांजरं बसवलेली आहेत, आणि त्यांच्यावरून डोकावणारं 'टोकोन्यान' हे भलंमोठं मांजराचं डोकं जवळजवळ 4 मीटर उंच आहे. चित्रपटात मियो ज्या गल्ल्यांतून, छपरांवरून पळते त्या याच.

हे गाव केवळ पार्श्वभूमी म्हणून निवडलेलं नाही. हिनोदेच्या आजोबांची कार्यशाळा बंद पडणं ही या गावाची खरी कहाणी आहे. हाताने घडवणाऱ्यांची संख्या घटत गेली, भट्ट्या विझत गेल्या, धुराडी तेवढी उभी राहिली. कोल्हापुरी चपलेचा किंवा हातमागावरच्या पैठणीचा कारागीर ज्यांनी जवळून पाहिला आहे, मुलगा पुढे हे करणार का या प्रश्नावर घरात पसरणारी शांतता ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हिनोदेच्या घरातली जेवणाची ती दृश्यं वेगळी समजावून सांगावी लागणार नाहीत.

मियोच्या शाळेबद्दल काही माहीत असायला हवं का?

जपानमध्ये माध्यमिक शाळा तीन वर्षांची असते, साधारण बारा ते पंधरा वय. मियो आणि हिनोदे दुसऱ्या वर्षात आहेत. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी उच्च माध्यमिकची प्रवेशपरीक्षा असते आणि तिचं ओझं एव्हापासूनच असतं. हिनोदेची आई अभ्यासाबद्दल इतकी हळवी का, ते त्यावरून कळेल. आपल्या दहावीच्या आदल्या वर्षाची कल्पना करा.

गाणी कुणाची आहेत?

योरुशिका या जोडीची. शीर्षकगीत 'हाना नि बोरेई'. नाबुना (n-buna) गीत-संगीत करतात, सुई (suis) गातात, आणि दोघंही लोकांसमोर चेहरा दाखवत नाहीत. चेहरा लपवणाऱ्या मुलीच्या गोष्टीला चेहरा न दाखवणाऱ्या गायिकेचा आवाज मिळाला, हे मला फार जुळून आल्यासारखं वाटतं. गाणी उन्हाळ्याची, सरत्या दिवसांची आहेत. पार्श्वसंगीत मिना कुबोता यांचं. रात्री छपरांवरून मांजर धावतं तेव्हाचं संगीत हेडफोन लावून एकदा ऐका.

जपानी आवाजात पाहावा की इंग्रजी?

जपानी आवाजात, खाली अक्षरं लावून. इंग्रजी ध्वनिमुद्रणही चांगलं आहे आणि वाचण्याचा वेग कमी असलेल्या मुलांसाठी तेच सोयीचं. पण मियोला आवाज देणाऱ्या मिराई शिदा यांनी एक बारीक काम केलं आहे. वडिलांशी आणि काओरुंशी बोलतानाचा मियोचा आवाज वरच्या पट्टीत, हसरा, किंचित घाईचा आहे. खोलीत एकटी असताना किंवा मांजर होऊन मनाशी बोलताना तो खाली उतरतो, सावकाश होतो. पत्रानंतर ती घरच्यांवर पहिल्यांदा चिडते तेव्हा दोन्ही आवाज एकमेकांत मिसळतात. भाषा कळली नाही तरी ते ऐकू येतं. हिनोदेचा आवाज नात्सुकी हानाए यांचा आहे, आणि तोही तारोशी बोलताना जितका मोकळा, आईशी बोलताना तितकाच आखडलेला.